त्याच्या मापाची मूठ

माणसाचा चेहरा मी नंतर बघते, आधी हात बघते. धंद्याची खोड आहे, दुसरं काही नाही. आमच्या कंपनीत घरगुती हत्यारं बनतात – पकडी, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर – आणि त्यांची मूठ कशी असावी हे ठरवणं माझं काम. त्यामुळे त्या रविवारी दुपारी दार उघडलं तेव्हा मला आधी दिसली एक ठिबकणारी बाही, मग लांब बोटांचा एक हात, आणि त्या हातात नळाची तुटलेली तोटी. चेहरा सगळ्यात शेवटी दिसला. तोही ओलाच होता.

“पक्कड मिळेल का?” त्यानं विचारलं. “मी वरचा... म्हणजे, वरच्या काकूंचा मुलगा.”

वरच्या काकूंना जाऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. “पक्कड आहे का गं?” म्हणत त्या याच दारात उभ्या राहायच्या, आणि पक्कड मांडीवर ठेवून तासभर माझ्या बाबांशी गप्पा मारत बसायच्या. तेच शब्द पुन्हा कानावर आले.

“पाणी कुठवर आलंय?” मी कसंबसं विचारलं.

“घोट्यापर्यंत.”

“मग पक्कड नंतर. आधी मेन कॉक बंद करा. बाथरूमच्या खिडकीबाहेर हात घाला, डावीकडे आहे.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“तुमच्या आईनं दाखवला होता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “मला नाही कधी दाखवला,” म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला.

मी आतून पक्कड आणायला गेले आणि आणलं भलतंच. सहा-सात महिने मी ज्याच्यामागे लागले होते ते माझं नवं हत्यार. त्याचं लोखंडी तोंड तयार झालं होतं, मूठ अजून कच्ची होती. वर गेले तेव्हा तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा होता, आणि हातात झाडू असा धरला होता की झाडूलाच वाईट वाटावं.

“ही पक्कड आहे?” त्यानं विचारलं.

“पक्कड आहे, स्क्रू ड्रायव्हर आहे, झाकणं उघडतं, दोरी कापतं, पाठीनं खिळा ठोकता येतो. घरात एवढं एकच असलं की पुरे.”

“आणि स्वयंपाक?”

“अजून नमुना आहे. शिकेल हळूहळू.”

तो हसला. काकू जशा एका बाजूनं हसायच्या, तसाच. “पडेल ते काम करायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही,” हत्यार उलटसुलट करत तो म्हणाला. “घरजावईच आहे की.”

त्या दिवसापासून माझ्या हत्याराचं नाव घरजावई पडलं. कंपनीतसुद्धा माझ्या तोंडून एकदा तेच निघालं आणि मग आठवडाभर सगळे मला सासूबाई म्हणत होते.

तो महिनाभरासाठी आला होता. राहायचा दूर, समुद्रापलीकडच्या एका शहरात, नकाशे बनवणाऱ्या ऑफिसात नोकरीला. काकूंचं घर विकलं गेलं होतं, आणि घेणाऱ्यांची अट होती की नळ, कड्या, दिवे, सगळं चालू करून द्यायचं. दुसरा कुणी असता तर त्यानं माणूस बोलावून दोन दिवसांत काम उरकलं असतं. हा म्हणाला, “नको. मीच करतो.” का, ते मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की वा, आपल्याला फुकटचा परीक्षक मिळाला. ज्याला खिळ्याचं डोकं कुठलं ते कळत नाही, त्याच्या हातात हत्यार चाललं म्हणजे ते जगात कुठेही चालेल.

आमची कामाची रीत साधी असते. मुठीवर मऊ मातीचा थर चढवायचा आणि माणसाला कामाला लावायचं. स्क्रू पिळताना, झाकण उघडताना हात जिथे दाबतो तिथे माती दबते, आणि काम संपलं की त्या हाताचा ठसा मुठीवर उरतो. असे पुष्कळ हातांचे ठसे घ्यायचे, ते एकमेकांत मिळवायचे, आणि मग सगळ्यांना चालेल अशी मूठ काढायची. म्हणून ऑफिसातून आले की बाबांना चहा देऊन मी मातीचा गोळा घेऊन वर जायला लागले. बाबांचा उजवा हात लकव्यानं गेलेला, पण डोळे शाबूत आहेत. “हल्ली कंपनी फार काम घेते गं तुझ्याकडून,” ते म्हणायचे आणि पेपरात तोंड घालायचे.

“एवढं घट्ट नका धरू,” मी त्याला शिकवायची. “तो पळून नाही जाणार.”

“घरजावयाचा काय भरवसा?”

“करंगळी कुठे चाललीय तुमची?”

“ती अशीच आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडलो तेव्हापासून वाकडी. आई म्हणायची, एक बोट तरी माझ्याकडे बघतं.”

मी त्याची करंगळी माझ्या दोन बोटांत धरली, मातीवर टेकवली आणि तिथे खोलगट केलं. खरं तर बोट सोडायला हवं होतं. काम झालेलं होतं. बाहेर संथ पाऊस लागला होता, वरच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची तार थेंबांनी भरली होती, आणि आम्ही दोघं त्या तारेकडे अशा एकाग्रतेनं बघत होतो, जणू तिचीच परीक्षा घ्यायची होती.

“तुमचे हात फार गार असतात,” तो म्हणाला.

“माती ओली असते.”

“...मातीच असणार.”

काकूंच्या घरात धड अशी एक वस्तू नव्हती. तव्याच्या दांड्याला तार गुंडाळलेली, खिडकीच्या कडीत पुठ्ठ्याची घडी कोंबलेली, दिव्याचं बटण चिकटपट्टीनं धरून ठेवलेलं. एका संध्याकाळी मी वर गेले तर तो स्वयंपाकघरात कपाटासमोर बसला होता. कपाटाचं दार निखळलं होतं आणि काकूंनी ते परकराच्या जुन्या नाडीनं बांधून ठेवलं होतं.

“ही कुणी बांधली?”

“काकूंनीच. मी म्हटलं होतं, बिजागरी बसवून देते. म्हणाल्या, राहू दे गं, मला सवय झालीय.”

“मी दर रविवारी फोन करायचो. घर कसं आहे विचारलं की म्हणायची, अगदी व्यवस्थित. दर रविवारी... अगदी व्यवस्थित.”

तो गाठ सोडवायला लागला. गाठ जुनी, पाणी आणि तेल पिऊन दगड झालेली. मी घरजावयाचं पातं उघडून पुढे केलं. त्यानं मान हलवली. “कापायची नाही.” मग मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि आम्ही दोघं नखांनी ती गाठ सोडवत बसलो. सुटली तेव्हा त्यानं ती नाडी सरळ केली, तिची घडी घातली आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. नमुन्याचं काम नव्हतं, ठसा घ्यायचा नव्हता, तरी मी तो हात बराच वेळ उचलला नाही. मी त्याच्या प्रेमात त्या संध्याकाळी पडले. मागाहून कुठलं काय जुळवत बसायची गरज नाही, मला तेव्हाच कळलं होतं.

तिथून पुढे ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं आणि माझी अवस्था मोठी विचित्र झाली. रोज मी मूठ थोडी सुधारायची. करंगळीचा खळगा नीट करायची, अंगठ्याच्या बुडाशी माती चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हात आणखी भराभर चालायचा. कड्या बसल्या, बिजागऱ्या बसल्या, बटणं बदलली. मी हत्यार चांगलं करत होते आणि तो लवकर मोकळा होत होता. एकदा तर मनात आलं, बाथरूमच्या कडीचा एक स्क्रू हळूच ढिला करून ठेवावा. केला नाही. पण बोटं शिवशिवली.

त्याला एक मुलगी होती, आठ वर्षांची. तो आणि तिची आई वेगळे झाले होते. मुलगी आईकडे राहायची आणि शनिवार-रविवार याच्याकडे. हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, लपवाछपवी त्याच्या स्वभावातच नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. तो तिला बबडी म्हणायचा आणि तिच्याशी बोलताना त्याचा आवाज पार बदलायचा. एके दिवशी तो शिडीवर होता, हात छतातल्या वायरींमध्ये, म्हणून फोन मी उचलला. पडद्यावर दोन वेण्या आणि एक पडलेला दात.

“तुम्ही हत्यारवाल्या मावशी का?”

“हो.”

“बाबाला हातोडी देऊ नका. तो बोट फोडून घेतो.”

“नाही देत. मी लक्ष ठेवते.”

तिनं जरा विचार केला. मग फोनच्या अगदी जवळ तोंड आणून, वर शिडीपर्यंत जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “मावशी, काम झालं की त्याला परत पाठवाल ना? नाहीतर विसराल.”

“नाही विसरणार,” मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. पण त्यानंतर “थांब” हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघणार नाही हे मला कळून चुकलं. तोही मला “तिकडे चल” म्हणाला नाही. बाबांच्या शर्टाची बटणं रोज सकाळी मीच लावते, हे त्यानं पाहिलं होतं. तो दोनतीनदा खाली जेवायला आला होता आणि बाबांच्या ताटातली पोळी न बोलता कुस्करून द्यायचा. बाबांना कुणी मदत केलेली खपत नाही. याची खपली. तो वर गेल्यावर बाबा म्हणाले, “याला हातोडीतलं काही कळत नाही, पण माणसातलं कळतं.” आणि मग माझ्याकडे बघून पेपरात तोंड घातलं.

महिना संपायच्या आधी कंपनीत परीक्षेचा दिवस आला. कॅन्टीनच्या बाई, हिशेब खात्यातले काका, दारावरचा पहारेकरी, अशा ओळीनं सगळ्यांच्या हातात घरजावई दिला. एकालाही धड धरता येईना. कुणी म्हणे अंगठ्याला टोचतं, कुणी म्हणे निसटतं. शेवटी आमच्या मॅडमनी स्वतः तो हातात घेतला. मॅडमचं सगळं आयुष्य मुठी बघण्यात गेलंय.

“या खळग्यात काय ठेवायचं?”

“करंगळी.”

“कुणाची?”

मॅडमनी मूठ उजेडात धरली, फिरवून फिरवून बघितली. “बाकीच्यांचे ठसे कुठायत?”

बाकीच्यांचे ठसे मी घेतलेच नव्हते. घ्यायचे राहिले असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. मला त्यांची आठवणच झाली नव्हती. इतकी वर्षं मी हे काम करते, नवशिक्या मुलींना ओरडते, की एका हातावरून मूठ काढायची नसते. आणि महिनाभर मी एकाच हाताला माती चढवत होते.

“सुंदर केलीयस,” मॅडम म्हणाल्या. “पण ही जगात एकाच माणसाला विकता येईल.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “त्याला माहीत आहे का?”

“नाही.”

“बरं. नवी काढ.” आणि त्या माझ्या खांद्यावर थोपटून गेल्या.

तो निघाला त्या दिवशी सकाळी मी तो नापास नमुना त्याच्या हातात ठेवला. घर रिकामं झालं होतं. बोललं की आवाज भिंतींवर आपटून परत येत होता, म्हणून आम्ही हळू बोलत होतो.

“हा तुझ्याकडेच राहू दे. कंपनीनं नाही घेतला.”

“का? चांगला तर आहे.”

“दोष निघाले काही.”

“मला नाही सापडला एकही,” तो म्हणाला. त्यानं तो हातात धरला, करंगळी तिच्या जागी गेली. मग तो तसाच उभा राहिला. मीही उभी राहिले. आता हा काहीतरी म्हणेल, असं मला वाटलं. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला. त्यानं घरजावई कोटाच्या खिशात टाकला आणि बॅग उचलली.

“येतो,” तो म्हणाला.

“नीट जा,” मी म्हटलं. एवढ्या सगळ्या दिवसांचं एवढंच.

मी कामावर गेले. दुसरं काय करणार होते? नवी मूठ काढायची होती, पंधरा-वीस बायका-माणसं ठसे द्यायला येणार होती. ज्या मातीच्या मुठीवरून त्याचा नमुना ओतला होता, ती त्याचा ठसा असलेली जुनी मूठ टेबलावर होती. तिच्यावरची माती मी खरवडून काढली, पाणी लावलं आणि मळायला घेतली. आधी करंगळी गेली, मग तळवा. मळता मळता फोन वाजला. हात मातीनं भरलेले, तसाच कानाशी धरला.

“घरजावयाला अडवलंय,” तो म्हणाला.

“कुणी?”

“विमानतळावर. तपासणीत. पातं आहे ना त्याला.”

मी डोळे मिटून घेतले. त्या पात्याला धार मी लावली होती. असलं काही खिशातून विमानात नेता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी हत्यारं बनवणारी, तो जगभर हिंडलेला, आणि दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. त्याला तो बॅगेत टाकवला नाही, आणि तो त्याच्या हाताशी असावा असं मलाही वाटत होतं.

“मग?”

“हा माणूस म्हणतोय, एक तर इथल्या डब्यात टाका, नाहीतर बाहेर जाऊन कुणाकडे तरी देऊन या.” तो थांबला. मागे चाकांच्या बॅगांचा खडखडाट ऐकू येत होता. “बाहेर आलो तर परत रांग लावायला वेळ नाही उरणार. विमान जाईल.”

मी हातातला मातीचा गोळा घट्ट दाबला.

“सांग... काय करू?”

तो हत्याराबद्दल विचारत नव्हता. ते त्यालाही माहीत होतं, मलाही. ‘ये’ म्हणायचं होतं फक्त. एवढासा शब्द, आणि तो ओठांवर आलाही होता. तो आला असता. आज आला असता, आठवडाभर राहिला असता, कदाचित महिनाभर. आणि रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर दोन वेण्या दिसल्या असत्या, आणि रोज माझ्याच्यानं त्या पोरीच्या डोळ्यांत बघवलं नसतं.

“बबडी घ्यायला येणार आहे ना तुला?” मी विचारलं.

“हो. तिच्या आईबरोबर. पाटी रंगवलीय म्हणे माझ्या नावाची.”

“मग डब्यात टाक.”

“तुझी एवढी मेहनत...”

“मी दुसरा करीन.”

खोटं होतं ते. त्याचा ठसा तेव्हा माझ्या मुठीत नुसता मातीचा गोळा होऊन पडला होता.

“आणि ऐक,” मी म्हटलं. “तो नापास का झाला, माहितीय? दुसऱ्या कुणाच्याच हातात बसेना. मी फक्त तुझाच ठसा घेत राहिले. बाकी कुणाचा घ्यावा असं वाटलंच नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे. इतके दिवस बोलले नाही, कारण बोलले असते तर ‘थांब’ म्हणाले असते.”

तपासणीवाला काहीतरी म्हणाला, त्याला उद्देशून.

“माझंही,” तो म्हणाला. आवाज फाटला होता. “मी ती नाडी सोडवत होतो ना, तेव्हापासून. तू पातं बाजूला ठेवलंस... शेजारी बसलीस.”

“हो.”

“हे आता सांगतोय आपण. रांगेत.”

“आता सांगितलं म्हणून तू जाशील. जा.”

लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मोठा नव्हता.

“टाकला,” तो म्हणाला.

“मग पुढे हो. लोक थांबले असतील.”

त्यानं फोन ठेवला नाही. मीच ठेवला. फोनवर माझ्या बोटांची माती लागली होती, ती पुसायचंही माझ्या हातून झालं नाही. मी रडत होते, आवाज न करता, आणि हात आपोआप माती मळत होते, कारण ती वाळली असती तर कामातून गेली असती.

दारात कॅन्टीनच्या बाई येऊन उभ्या होत्या. पहिला ठसा त्यांचा होता. मी नव्या मुठीवर मातीचा थर चढवला, घट्ट झाकणाची एक बरणी त्यांच्यासमोर ठेवली आणि हत्यार हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, पण बघत माझ्याकडे होत्या.

“रडतेस का गं?”

“हो,” मी म्हटलं. “तुम्ही झाकण उघडा.”